पांढरी पाचच्या जरा वर

६ जानेवारी

चिमणे,

फोनवर आपलं बोलणं सुरू झालं की चौथ्या मिनिटाला भांडण लागतं आणि पाचव्या मिनिटाला तुझी वहिनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेते. म्हणून पत्र. पत्रात समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावंच लागतं.

तुझं कार्ड मिळालं. एकतीस वर्षं शाळेत गाणं शिकवून तू एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी निवृत्त होतेस. निरोपाच्या कार्यक्रमात आपण दोघांनी मिळून एक धून वाजवायची, तू पेटी, मी माझी घरी केलेली वाद्यं, आणि धून मी बांधायची. एवढं सगळं तू पाच ओळींत उरकलंस. गेल्या सव्वीस वर्षांत आपण एकत्र का वाजवलं नाही, हे मात्र त्या पाच ओळींत नव्हतं. मीही ते इथे काढत नाही. झाकली मूठ.

मी येतो. धून बांधायला घेतली आहे.

वाद्यांची ओळख करून देतो, कारण तू त्यांना पाहिलेलं नाहीस. एकूण अकरा आहेत. सगळ्यात मोठी 'मावशी': नळाच्या पाइपाचे चौदा तुकडे, लांबीने उतरते, दोरीवर टांगलेले. लाकडी हातोडीने वाजते आणि एकदा बोलायला लागली की लवकर गप्प बसत नाही. 'आत्या' म्हणजे करवतीची जुनी पाती फळीवर आवळून बसवलेली. अंगठ्याने छेडायची, आवाज बोचरा. 'काका' पलंगाच्या फळ्यांचा आहे. तुझी वहिनी त्या जागी उशा घालून झोपते आणि पाठीचं दुखणं काकांच्या नावाने सांगते. बाकीचे प्रत्यक्षच पाहशील. एकाही वाद्याला खुंटी नाही. कापलं, तासलं, सूर बसला की कायमचा बसला. चौतीस वर्षं लोकांची वजनंमापं तपासण्यात गेली माझी. ज्याला पिळून सूर बदलता येतो, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

सोबतच्या कॅसेटवर मुखडा आहे. दुपारी दोन ते चार आमच्या घरात सूर उत्तम असतो, म्हणून तेव्हाच वाजवतो. अधूनमधून खटका ऐकू येईल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

दादा


१७ जानेवारी

दादा, नमस्कार. (पहिल्याच ओळीत उरकून घेते, पुढे आदर टिकेलच असं नाही.)

कॅसेट तीनदा ऐकली. मावशी आवडली. आत्या आपल्या खऱ्या आत्यासारखीच आहे, बोलायला लागली की उठून जावंसं वाटतं आणि गेल्यावर चैन पडत नाही. मुखड्याची पहिली ओळ सुंदर आहे. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, तेव्हा काय तो आनंद इथेच करून घे. दुसऱ्या ओळीत मात्र तू तीनदा 'सा'वर घरी परत येतोस. अगदी निवृत्त माणसासारखा. एकदा तरी बाहेर राहा.

आता तक्रार. पेटी काढून तुझ्याबरोबर वाजवायला बसले, तर जमेना. तुझा सा माझ्या पेटीच्या पांढरी पाचच्या जरा वर आणि काळी चारच्या बराच खाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसलाय. त्या फटीत माझ्याकडे फक्त धूळ आहे. तुझा टेपरेकॉर्डर जोरात पळतो. त्याचा पट्टा बदलून घे.

शाळेत सगळ्यांना सांगून टाकलंय की माझा भाऊ येणार. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "ते तुमच्याशी बोलत नाहीत ना?" मी म्हटलं, बोलतो, पण टपालाने.

चिमणी


२ फेब्रुवारी

चिमणे,

पट्टा बदलला. नुसता बदलला नाही, तपासला. रेडिओवरचे वेळेचे टोले रेकॉर्ड केले आणि घड्याळ हातात धरून ऐकले. तासाभरात दोन सेकंदांची तफावत. कायद्याने एवढी चालते.

सोबत नवी कॅसेट. 'बाहेर राहा' म्हणालीस त्याचा राग आला, मग रागारागाने बाहेरच राहिलो. दुसरी ओळ 'रे'वर नेऊन उभी केली आणि घरात घेतलीच नाही. चार दिवस ती तिथे ताटकळली. चौथ्या दिवशी तुझी वहिनी भाजी चिरताना तीच ओळ गुणगुणत होती, आणि 'रे'वरून एकदम 'प'वर गेली, 'सा'कडे ढुंकूनही न बघता. मी विचारलं, हे कुठून आणलंस? म्हणाली, तुम्हीच तर वाजवता. मी तसं कधीच वाजवलं नव्हतं. पण मी स्वर लिहितो ते खात्याच्या जुन्या कोऱ्या फॉर्मवर, त्यात लगेच भरून टाकलं: मूळ माप रे-सा, आढळलेले माप रे-प, तफावत मंजूर.

धून माझीच आहे. वहिनीजवळ विषय काढू नकोस.

माझा सूर फटीत आहे म्हणतेस. तुझ्या पेटीचं वय काय? आतली पितळी पाती थकतात.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

पेटीचं वय काढलंस ते काढलंस, आता माझं काढू नकोस. आपल्या दोघांचं पटायचं नाही, तेव्हा तिसऱ्याला बोलावू. शाळेच्या कपाटातली कोरी स्वरशिट्टी पाठवते आहे. फुंकली की नेमकी पांढरी पाच देते. तिला ना पट्टा, ना वय. तुझ्या अकरा जणांशी ताडून बघ. आणि मला एक सांग, अगदी पहिलं वाद्य तू कशावरून लावलंस?

ती 'रे'वरून 'प'ची उडी ऐकली. पेटी मिटली आणि तेवढीच पुन्हा पुन्हा ऐकली. तूच बांधलंस ना हे? तुझ्या स्वभावात ही उडी नाही, म्हणून विचारते.

कार्यक्रमाच्या पत्रिका छापायला गेल्या. तुझं नाव मोठ्या टाइपात आहे आणि माझं त्याच्या खाली. निवृत्त मी होते आहे.

चिमणी


२४ फेब्रुवारी

चिमणे,

स्वरशिट्टीचा तपासणी अहवाल देतो. अकराही वाद्यांसमोर एकेकदा फुंकली. अकरा जण आपसांत तंतोतंत जुळतात. शिट्टी एकाशीही जुळत नाही, सगळ्यांच्या खाली सारखीच उतरलेली आहे. एका बाजूला अकरा साक्षीदार आणि दुसऱ्या बाजूला टपालातून आपटत आलेली शिट्टी. निकाल उघड आहे. परत पाठवतो, दुकानदाराला दाखव.

पहिलं वाद्य कशावरून लावलं, हे तू विचारलंस म्हणून सांगतो, एरवी कारागीर सांगत नसतो. प्रमाण माप कसं असावं, हे मला नोकरीने शिकवलं. ते हलू नये, झिजू नये, हवेने फुगू नये आणि कुणाच्या मर्जीवर नसावं. असा सूर मी वर्षभर शोधला. पेट्या थकतात, तारा सैल होतात, माणसांच्या गळ्याचं तर बोलायलाच नको. मग एका दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि तो तिथेच उभा होता. सतरा वर्षं एकच सूर, हिवाळा नाही की उन्हाळा नाही. आमचा फ्रीज.

मावशीचा पहिला पाइप त्याच्या दाराला कान लावून कापला. बाकीचे दहा जण मावशीवरून. तो थोड्या थोड्या वेळाने थांबतो, तो खटका त्याचा. तेवढ्यात मी चहा घेतो. दोन ते चार वहिनीला फ्रीज उघडायची मनाई आहे, दार उघडलं की आवाज पसरट होतो. तिची कुरकुर असते, पण शास्त्रापुढे इलाज नाही.

अंतरा झाला. कॅसेटवर आहे.

दादा


३ मार्च

दादा,

तुझं पत्र शिक्षकखोलीत उघडलं ही चूक झाली. मी इतकी हसले की विज्ञानाच्या बाईंनी पाणी आणून दिलं. मग त्यांना वाचून दाखवलं. मग त्यांनाही पाणी लागलं.

अकरा साक्षीदार म्हणे! अरे, सगळे एका घरात वाढलेले, एकाच फ्रीजचं खाल्लेले. एका मीटरपट्टीवर रेघा चुकल्या आणि तिच्यावरून आणखी अकरा कापल्या, तर त्या बरोबर होतात का? हेच तू बाजारात किती दुकानदारांना सुनावलं असशील. लोकांचे तराजू जप्त करत हिंडलास आणि घरात मात्र आपला तो बाब्या.

हसून झाल्यावर दुसरंही आठवलं. तेही लिहिते, कारण मूठ झाकून झाकून आता हात दुखायला लागलाय. सव्वीस वर्षांपूर्वी गाण्याच्या स्पर्धेत त्या सभागृहातली पेटी ऐनवेळी बिघडली, म्हणून साथीला फक्त तुझं व्हायोलिन होतं. मी गायले. परीक्षकांच्या कपाळावर आठ्या आल्या, आणि तू भरल्या सभेत उठून म्हणालास, "तिचा सूर चढतो. लहानपणापासूनच." त्यानंतर मी गायले नाही. मुलांना शिकवताना पट्टी दाबते आणि म्हणते, असं म्हणा. गाण्याच्या बाईंचा आवाज सव्वीस वर्षांत शाळेत कुणी ऐकलेला नाही.

आणि ज्याने तो सूर मापला, तो माणूस हा. फ्रीजवाला.

माझी पेटी आणि तुझे अकरा जण एकत्र वाजणार नाहीत, एवढं आता नक्की झालं. सोडव तूच.

चिमणी


२५ मार्च

वन्सं,

मी काही पत्र लिहिणारी नव्हे. पण तुमच्या पत्राला हे उत्तर देणार नाहीत असं दिसतं, म्हणून मलाच पेन धरावं लागलं.

पत्र वाचून हे उठले. ती शिट्टी टपालात टाकायची राहिली होती, ती खिशात घालून वाद्यांच्या दोन दुकानांत जाऊन आले. तिथल्या सगळ्या पेट्यांशी जुळली म्हणे. घरी येऊन अकरा वाद्यांचे अकरा फॉर्म भरले, प्रत्येकावर 'सदोष' असा शेरा मारला, जुन्या सामानातून तार आणि शिशाची सीलं काढली आणि एकेकाला बांधून माळ्यावर टाकलं. मावशी एकट्याने चढेना, मी खालून धरलं. वर जाताना ती एकदाच वाजली आणि यांनी तोंड फिरवलं. कार्यक्रमाला येत नाही म्हणतात. "खोटं माप लोकांपुढे न्यायचं नसतं," एवढंच.

तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काही नाही. त्या सभागृहात मीही होते, मलाही आठवतं. पण वन्सं, या वाद्यांनी मला काय कमी छळलं? पलंगाच्या फळ्या गेल्या. दुपारी घोटभर गार पाणी मिळेना. सात वर्षं नवा फ्रीज मागते आहे. परवा हे आपणहून म्हणाले, चल, नवा घेऊन येऊ. आणि मला रडूच आलं. आता दोन वाजले की तो आत एकटा घुमत बसतो आणि हे बाहेरच्या खोलीत त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचतात. तासभर एकच पान.

तुम्हाला धून ऐकवायची होती हो त्यांना. जानेवारीपासून घरात दुसरा विषय नव्हता. 'रे'वरून 'प'वर कोण गेलं, ते तेवढं विचारू नका.

वहिनी


२ एप्रिल

दादा,

वहिनींनी मला लिहिलं, त्यांना बोलू नकोस.

तुझ्या वाद्यांना सीलं लागली हे वाचून मला जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही. सव्वीस वर्षं राखून ठेवला होता, ऐनवेळी बेचव निघाला.

आता नीट वाच. शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी माझ्या फ्रीजला कान लावला. वेगळ्या कंपनीचा आहे, तुझ्या फ्रीजहून दहा वर्षांनी लहान. शेजारी तुझी कॅसेट लावली. दादा, तोच सूर! दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर ऐकला, तोच. सोमवारी शिक्षकखोलीतली ट्यूबलाइट, तोच. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, वीज सगळीकडे एकाच ठेक्यात येते, मग गुणगुणणार एकाच सुरात. म्हणजे अख्खं गाव तुझ्या सुरात आहे. बाहेर आहोत ते आम्ही पेटीवाले. यात खोटं माप कुणाचं, ते तू आणि तुझा कायदा बघून घ्या.

तरी पेटी काही गावाचं ऐकणार नाही. पाती कानशीने घासून तिचा सूर बदलता येतो, पण माझी माझी म्हणते ती पेटी शाळेची आहे, तिला मी हात लावणार नाही. मग राहिलं एकच. गळ्याला पट्ट्या नसतात, त्यामुळे फटीही नसतात. मी गाईन. तुझी धून, तुझ्या सुरात. चार दिवस झाले, रोज फ्रीजसमोर उभी राहून आवाज लावते आहे. गळ्यात गंज चढलाय, पण लावते आहे. चढला सूर, तर सांगायला तू आहेसच.

सीलं तोड.

चिमणी


९ एप्रिल

चिमणे,

तोडली. अकराही.

'मी गाईन' ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आता जे लिहितो ते वाचून तू कदाचित गाणार नाहीस, कदाचित माझं तोंडही बघणार नाहीस. पण हे न सांगता तुझ्या शेजारी येऊन बसणं मला जमणार नाही.

त्या दिवशी व्हायोलिन मी बाहेरच्या गार खोलीत लावलं होतं. सभागृह माणसांनी तापलेलं. आत गेल्यावर तारा उतरल्या आणि मला कळलं नाही. तू जिथे उभी राहायला हवीस तिथेच उभी होतीस. घसरलो होतो मी. तुझा सूर मला चढलेला वाटला तो माझ्या उतरलेल्या तारेवरून. घरी येऊन व्हायोलिन पेटीशी ताडून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. संध्याकाळचे सहा वाजले होते. तू आतल्या खोलीत दार लावून बसली होतीस. मी दारापर्यंत आलोही होतो.

बोललो नाही. खात्यात माझं नाव होतं, याचं माप चुकत नाही म्हणून. ते चुकतं हे माझ्याच तोंडून मला निघेना. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि तू गाणं सोडलंस हे कळलं तेव्हा आता फार उशीर झाला असं मी ठरवून टाकलं. तसं ठरवणं सोयीचं होतं. व्हायोलिन विकलं. खुंट्या असलेलं वाद्य त्यानंतर घरात आणलं नाही. जानेवारीत तुला कारण दिलं होतं ते सजवलेलं, खरं हे.

मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

दादा


१९ एप्रिल

दादा,

दहा दिवस उत्तर आलं नाही, कारण जे लिहीत होते ते फाडत होते.

सव्वीस वर्षं! मी घशाच्या डॉक्टरकडे गेले होते, माहीत आहे तुला? सूर का चढतो, ते विचारायला. त्यांनी घसा तपासला आणि म्हणाले, काहीच दोष नाही. मी त्यांनाच खोटं ठरवलं, कारण माझा भाऊ चुकत नाही. आणि सहा वाजता तुला कळलं होतं! दार नुसतं लोटलेलं होतं, दादा. कडी लावली नव्हती. ढकललं असतंस तर उघडलं असतं.

तुला माफ केलेलं नाही. होईल तेव्हा होईल, तू घाई करू नकोस. पण गाणार आहे. ते आता तुझ्यासाठी नाही, इतके दिवस फ्रीजसमोर उभी राहिले त्या माझ्यासाठी आहे.

अट एकच. भरल्या सभेत बोलला होतास, तर भरल्या सभेतच परत घ्यायचं. धुनेच्या आधी माइक तुझ्या हातात देतील. एक वाक्य. ते बोललास तर मी गाईन. नाही बोललास तर पेटी पुढे ओढीन, पांढरी पाच दाबीन आणि तुझ्या अकरा जणांबरोबर पूर्ण धून वाजवीन, मुखड्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता. पहिल्या रांगेत शिक्षणाधिकारी बसणार आहेत.

चिमणी


२२ एप्रिल

चिमणे,

वाक्य तयार आहे. पहिला मसुदा असा होता: 'सदर दिनांकी सदर व्यासपीठावर प्रस्तुत वादकाच्या वाद्यात तापमानामुळे उद्भवलेल्या तफावतीमुळे गायिकेच्या स्वराविषयी नोंदविलेला शेरा वस्तुस्थितीस धरून नव्हता.' तुझ्या वहिनीने वाचलं आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" दुसऱ्या मसुद्यात तापमान काढलं. तिसऱ्यात वाद्य काढलं. चौथ्यात माझ्या बाजूचं थोडंफार शिल्लक होतं, ते तिनेच खोडलं. उरलं ते एवढं:

'त्या दिवशी माझी बहीण सुरात होती, ते मला त्याच संध्याकाळी कळलं, आणि मी सांगितलं नाही.'

कालपासून घरात मोठ्याने म्हणून बघतो आहे. पहिला भाग येतो. 'सांगितलं नाही'पाशी पोचेपर्यंत आवाज फाटतो. वहिनी म्हणते, फाटू दे, बरंच आहे.

शुक्रवारच्या गाडीने निघतो, आम्ही दोघं आणि अकरा जण. मुखड्यातली ती उडी तुझ्या वहिनीची आहे, हेही माइकवर सांगायचं म्हणतो, पण तिने डोळे वटारलेत.

एक विनंती आहे, अट नाही. माझं वाक्य संपल्यासंपल्या सुरुवात करू नकोस. जरा थांब. डोळे पुसून मग हातोडी उचलेन, नाहीतर तुझा पहिला सूर नीट ऐकायचा राहून जाईल.

दादा